बॉनेटखाली नेमकं कुणाचं इंजिन? पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी

नात्यात कुणी गाडी घ्यायला निघालं की मला फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इंजिन आपलं घ्यावं की बाहेरचं?" गेल्या दिवाळीत मावसभावाच्या मुलाने हेच विचारलं. पहिली नोकरी, आठवड्याला नाशिक-मुंबई फेरी, हातात पाच लाख, त्यामुळे गाडी जुनीच घ्यायची होती. एकाने त्याला सांगितलं होतं, जपानी घे आणि निवांत राहा. ऑफिसमधला दुसरा म्हणाला, आता आपल्या कंपन्यांची इंजिनं कुणालाही ऐकत नाहीत. दोघंही मनापासून बोलत होते. पण तो बघत असलेली गाडी होती टाटा झेस्ट डिझेल. गाडी टाटांची, इंजिनाचं डिझाइन इटलीतल्या फियाटचं, आणि ते तयार झालं शिरूर तालुक्यात रांजणगावला. मग याला देशी म्हणायचं की परदेशी?

म्हणून मी त्या एका प्रश्नाचे चार करतो. डिझाइन कुणाचं? इंजिन बनतं कुठे? सुटे भाग किती दिवसांत आणि कितीला मिळतात? आणि आपल्या गावात ते खोलून पुन्हा नीट बांधणारा माणूस आहे का? नवखा माणूस पहिल्या प्रश्नावर अडून बसतो. पाच वर्षांनी खिशाला झळ बसते ती शेवटच्या दोन प्रश्नांमुळे. खाली ज्या क्रमाने मी त्या पोराला फिरवलं, त्याच क्रमाने लिहितो.

आधी इंजिनाची ओळख पटवा

गाडीचं नाव म्हणजे इंजिनाचं नाव नव्हे. एकाच नावाखाली चार वर्षांत तीन इंजिनं येऊन जातात. विटारा ब्रेझा २०१६ साली आली ती फक्त डिझेलमध्ये, १.३ लिटरची, २०२० नंतर तीच ब्रेझा फक्त १.५ लिटर पेट्रोलमध्ये मिळू लागली. स्विफ्टमध्ये वर्षानुवर्षं चार सिलिंडरचं १.२ होतं, २०२४ च्या स्विफ्टमध्ये तीन सिलिंडरचं १.२ आलं. "मित्राची स्विफ्ट अशी चालते" हे ऐकून दुसरी स्विफ्ट घेतली तर हाती वेगळंच इंजिन येऊ शकतं.

म्हणून आरसी हातात घ्या आणि तीन गोष्टी वहीत लिहा: सीसी, इंधन आणि प्रदूषणाचं मानक. बीएस-४ की बीएस-६ हे नुसत्या वर्षावरून ठरवू नका. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ सक्तीचं झालं, पण काही गाड्या त्याआधीच बीएस-६ होऊन आल्या होत्या. इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर, ठोकलेला असतो. तो आरसीवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून बघा. जुळत नसेल तर इंजिन बदललेलं आहे. त्याची आरटीओत नोंद नसेल, तर तिथूनच परत फिरा.

मग घराणं शोधा

हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून जरा थांबतो.

आपण ज्यांना अस्सल देशी समजत आलो, त्यांची मुळं बहुतेक बाहेरची. अँबेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यातलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही तिकडचंच, आणि पुढे १९९० च्या दशकात तिला जपानच्या इसुझूचं १.८ लिटर मिळालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीत फियाट ११०० चं १०८९ सीसीचं इंजिन होतं, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेलं. महिंद्राच्या डिझेल जीपमध्ये फ्रान्सच्या प्यूजोचं एक्सडीपी इंजिन होतं, ते इगतपुरीला बनायचं. माझ्या मामांच्या जीपला आख्खा गाव गावठी इंजिन म्हणायचा, कारण सिन्नरचा कुठलाही फिटर ते डोळे मिटून बांधायचा. आकुर्डीच्या बजाज टेंपोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजचं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन परवान्यावर घेतलं. त्याच वंशातलं इंजिन पुढे कितीतरी वर्षं ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमधून वऱ्हाडं वाहत राहिलं.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. परदेशी इंजिन इथे वीस-तीस वर्षं बनलं, हजारो हातांनी खोललं-बांधलं, तालुक्याच्या दुकानात त्याच्या रिंगा आणि गॅस्केट टांगलेले दिसायला लागले, की ते आपलं होतं. आणि उलटही खरं आहे: डिझाइन पूर्ण इथलं, पण गाड्या थोड्याच विकल्या गेल्या, तर ते इंजिन आपल्याच गावात परकं ठरतं.

फियाटचं १.३ मल्टिजेट हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. १२४८ सीसी, चार सिलिंडर. युरोपात २००३ ला आलं. आपल्याकडे ते मारुतीने मानेसरला बनवलं आणि नाव दिलं डीडीआयएस. टाटांनी रांजणगावच्या संयुक्त कारखान्यातून घेतलं आणि नाव दिलं क्वाड्राजेट. फियाटने पुंटो-लिनियात मल्टिजेट म्हणूनच ठेवलं. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा, व्हिस्टा, मांझा, बोल्ट, झेस्ट, सगळीकडे हेच. लोक त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे ते उगाच नाही. बीएस-६ च्या वेळी २०२० ला आपल्याकडे ते बंद झालं, पण जुन्या बाजारात आजही पावलोपावली भेटतं. अगदी असंच दोन लिटरच्या डिझेलचं: जीप कंपास, एमजी हेक्टर आणि टाटा हॅरियर या तिन्हींत फियाटच्या घराण्याचं १९५६ सीसीचं एकच इंजिन, तेही रांजणगावचं. टाटांनी फक्त त्याला क्रायोटेक म्हटलं.

आता खरोखर इथे घडलेली. टाटांनी डिसेंबर १९९८ ला इंडिका आणली, तिचं १४०५ सीसीचं डिझेल. ते आवाज करायचं, पिकअप बेताचा, पण टॅक्सीवाल्यांनी त्यावर संसार उभे केले. पुढे टियागो-नेक्सनमधली रेव्होट्रॉन पेट्रोल आणि रेव्होटॉर्क डिझेल. महिंद्राचं २१७९ सीसीचं एमहॉक, ऑस्ट्रियाच्या एव्हीएल या कंपनीच्या साथीने घडवलेलं, २००८ पासून स्कॉर्पिओत. मारुतीनेही १४९८ सीसीचं स्वतःचं डिझेल इथे विकसित केलं, २०१९ ला सियाझमध्ये आणलं आणि वर्षभरात बीएस-६ मुळे बंद केलं. हे शेवटचं उदाहरण जुनी गाडी घेणाऱ्याने जरूर लक्षात ठेवावं. इंजिन उत्तम, पण बाजारात फार कमी फिरलेलं. असं इंजिन घेताना सुट्या भागांची चौकशी दुप्पट करा.

आणखी आत गेलात तर सीमारेषा पार पुसते. डिझेल इंजिनाचा जीव असतो इंधन फवारणाऱ्या नोझलात आणि ते दाबाने पाठवणाऱ्या पंपात. नाशिककर ज्याला अजून 'मायको' म्हणतात, त्या बॉशच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. पुण्यात मुंढव्याची भारत फोर्ज जगभरच्या वाहन कंपन्यांना क्रँकशाफ्टसारखे घडीव भाग पुरवते. कुठल्या इंजिनात कुठलं लोखंड आहे हे बोधचिन्हावरून कळत नाही.

आकडे वाचायला शिका, पण सगळे नाही

जाहिरातीत पहिला आकडा पॉवरचा असतो, पीएस किंवा बीएचपीमध्ये. नवख्याने आधी टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, बघावा (तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात), आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना, मिळतो ते बघावं. पॉवर समजते ती समृद्धी महामार्गावर. टॉर्क समजतो कसारा घाटात, पुढे उसाची नाही तर कांद्याची ट्रक रखडत असताना.

प्रत्यक्ष तुलना करू. डिझेल ब्रेझाचं १.३, मुळात फियाटचं: ९० पीएस, २०० न्यूटन मीटर, १७५० आरपीएमला. पहिल्या डिझेल नेक्सनचं १.५, टाटांचं स्वतःचं, १४९७ सीसी: ११० पीएस, २६० न्यूटन मीटर, १५०० पासून २७५० पर्यंत. नेक्सन साधारण शंभर किलोने जड आहे, तरी घाटात मला तीच सोपी वाटते, कारण जोर लवकर मिळतो आणि लांबपर्यंत टिकतो. मल्टिजेट, विशेषतः ७५ पीएसचं, दोन हजार आरपीएमच्या खाली झोपलेलं असतं. चढावर गिअर खाली टाकण्यात जरा उशीर झाला की गाडी गळपटते. एकदा सवय झाली की त्रास नाही, पण नवशिक्या चालकाला पहिले दोन महिने जड जातात. इथे मी देशी इंजिनाच्या बाजूने स्पष्ट कौल देतो. मात्र वीस तालुके फिरून कुठेही दुरुस्त होईल असं इंजिन हवं असेल, तर माझं उत्तर अजूनही मल्टिजेट आहे.

सीसीचा आकडा बघून कुणाचं तंत्र भारी ते ठरवू नका. आपल्याकडे तो आकडा कराने ठरवलेला आहे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून लहान गाडीला कमी कर लागतो. अट अशी की लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हाही हीच रेघ राहिली: रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के. म्हणून तर सुझुकीचं ११९७, ह्युंदाईचं ११९७, होंडाचं ११९९, टाटांचंही ११९९. जपानी असो, कोरियन असो, इंजिन शिवलेलं आपल्याच मापाने.

सुट्या भागांच्या दुकानात आधी जा, शोरूममध्ये नंतर

ही पायरी कुणीच करत नाही आणि मी कुणालाही चुकवू देत नाही. कारण माझ्यावर बेतलं आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी एक युरोपीय हॅचबॅक सेकंडहँड घेतली होती. इंजिन अप्रतिम होतं. शंभरच्या वेगाला आत कुजबुज ऐकू यायची. मालकाने सर्व्हिसचं पुस्तक हरवलं म्हणून सांगितलं आणि मी मान डोलावली. चार महिन्यांनी सिन्नरच्या अलीकडे इंजिन एकदम बंद पडलं. आवाज मोठा नाही, फक्त कट् करून काहीतरी तुटल्यासारखं. टायमिंग बेल्ट तुटला होता. बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताळमेळ सुटतो आणि पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं तेव्हा मेस्त्रींनी एकेक व्हॉल्व्ह काचेवर लोळवून दाखवला. आठ व्हॉल्व्ह वाकलेले होते. ते यायला चाळीस दिवस लागले. तेवढे दिवस गाडी गॅरेजच्या आवारात धूळ खात उभी, आणि बिल गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याएवढं. दोष इंजिनाचा नव्हता. बेल्ट कधी बदलला हे मी विचारलं नव्हतं, आणि व्हॉल्व्ह कुठे मिळतात हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणून एक यादी करा: टायमिंग बेल्ट किंवा चेनचा पूर्ण संच, वॉटर पंप, क्लच प्लेट, हेड गॅस्केट, इंजिनाच्या फाउंडेशनचे रबर आणि डिझेल असेल तर एक इंजेक्टर. पुण्यात असाल तर नाना पेठेत, नाही तर आपल्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दोन दुकानांत, ही यादी दाखवा. भाव विचारा, पण त्याआधी विचारा, "आत्ता दुकानात आहे का?" दुकानदार मागे न वळता कपाटात हात घालत असेल तर ते इंजिन आपल्या भागात नांदतंय. "मागवावं लागेल, ॲडव्हान्स द्या" म्हणाला तर दिवस मोजा.

बेल्ट की चेन हेही आधी जाणून घ्या. १.३ मल्टिजेटला आणि सुझुकीच्या के मालिकेच्या पेट्रोल इंजिनांना चेन आहे; फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयला आणि रेनॉच्या १.५ डीसीआय डिझेलला बेल्ट. बेल्टला घाबरायचं कारण नाही, पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना बदलायचा, बस. त्याचं बिल मालकाकडे नसेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा. चेन सहसा बदलावी लागत नाही, पण ती ऑइलवर जगते. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत चेन सैल पडते.

त्याच फेरीत गॅरेजलाही जा. तिथे उभ्या असलेल्या गाड्या मोजा आणि मेस्त्रींना चहा सांगून विचारा, "दादा, या इंजिनाचं हाफ काम तुम्ही शेवटचं कधी केलंत?" हाफ काम म्हणजे इंजिन खोलून केलेली अर्धी दुरुस्ती. ज्याने केलंय तो लगेच कुठे त्रास होतो ते सांगतो. ज्याने केलं नाही तो "होऊन जाईल" म्हणतो.

थंड इंजिन बघा

गाडी बघायला सकाळी सातला जा आणि आदल्या रात्रीच मालकाला सांगून ठेवा, "चालू करून ठेवू नका." पोचल्यावर आधी बॉनेटवर आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवा. कोमट लागला तर कुणीतरी आधीच गाडी फिरवून आणली आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

ऑइल गेज काढा, कापडावर पुसा, पुन्हा घालून बघा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, त्याला घाबरू नका. पण दुधाच्या चहासारखा रंग किंवा टोपणाच्या आत लोण्यासारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी चाललंय. फक्त जवळजवळ फिरणाऱ्या गाडीत पावसाळ्यात थोडा थर धरतो, तरी मेस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कूलंटची टाकी बघा. हिरवं, गुलाबी काहीही चालेल. गंजलेलं तांबूस पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं आहे.

आता चालू करायला सांगा आणि तुम्ही मागे सायलेन्सरपाशी उभे राहा. थंडीत पहिली दोन मिनिटं पांढरी वाफ निघते, ती विरते. न विरणारा आणि गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळतंय. निळसर म्हणजे ऑइल. रेस दिल्यावर भसकन काळा म्हणजे नोझल, एअर फिल्टर किंवा टर्बोकडे बघावं लागेल. मग पुढे या. पहिले दोन-तीन सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर चेन ताणून धरणारा टेन्शनर तपासून घ्या. तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत थोडं थरथरणारच, तो त्याचा स्वभाव. देशी म्हणून थरथरतं असं नाही. इंजिन चालू असताना ऑइलचं टोपण सैल करून बघा. थोडी फुंकर येते ती ठीक. टोपण थडाथड उडत असेल, धूर फेकत असेल, तर त्याला मेस्त्री 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, काम मोठं आहे.

त्यानंतर घाट, नाही तर निदान उड्डाणपुलाचा चढ. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर गाडी स्थिर धरा आणि पाय हळूहळू दाबा. कुठल्या आकड्याला इंजिन जागं होतं ते लिहून ठेवा. दोन गाड्यांची तुलना याच चढावर, याच गिअरमध्ये करा, नाहीतर ती तुलनाच नाही.

इंधनाची दोन पथ्यं

पेट्रोल घेत असाल तर ती गाडी किती इथेनॉलसाठी बनली आहे ते टाकीच्या झाकणाच्या आत किंवा पुस्तिकेत बघा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे रबर, पाइप त्याला धरून आहेत. त्याआधीच्या बहुतेक १० टक्क्यांसाठी बनलेल्या. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरणारच. जुनी गाडी महिनाभर टाकी भरून उभी ठेवू नका आणि सर्व्हिसला इंधनाचे रबर पाइप बघायला सांगा.

बीएस-६ डिझेलमध्ये धुरातली काजळी पकडणारी गाळणी असते, डीपीएफ. ती स्वतःला साफ करते, पण त्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगात धावावी लागते. रोज घर ते शाळा तीन किलोमीटर एवढंच करणार असाल तर देशी-परदेशी काहीही असो, डिझेल घेऊ नका. गाळणी तुंबते आणि बदलायची वेळ आली तर खर्च मोठा.

गाडी दारात आल्यावर

पोराने शेवटी झेस्टच घेतली. नाना पेठेत सगळ्या वस्तू कपाटातून निघाल्या, आणि घराजवळच्या गॅरेजात त्या दिवशी याच इंजिनाच्या दोन गाड्या उभ्या होत्या, एक मारुती आणि एक फियाट. पहिल्याच आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि कूलंट बदलून घेतलं. ऑइलची ग्रेड पुस्तिकेत बघून लिहून नेली होती, दुकानदार देईल ते घेतलं नाही. हे सगळं तारीख आणि किलोमीटरसकट एका कागदावर लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलं. परवा तो घरी आला तेव्हा त्या कागदावर तिसरी ओळ चढली होती.